धुळीचं बिल कुणाच्या नावावर?

(भातसानगर, तालुका शहापूर इथं तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या आधी जे बोलले ते क्रांतीवर बोलले, साहित्यावर बोलले, राखीव जागांवर बोलले. मी धुळीवर बोलणार आहे. दारात ओतलेल्या खडीवर, रात्री दोन वाजता वाजणाऱ्या ब्रेकरवर, उंबरठ्याला लागून खणलेल्या आणि महिनोन् महिने उघड्या पडलेल्या चरावर बोलणार आहे. कुणाच्या चेहऱ्यावर हसू दिसतंय. हसा. तुम्हाला वाटतंय, ही पांढरपेशांची कुरकूर आहे, सोसायटीतल्या बायांनी वर्तमानपत्राला पत्र लिहायचा विषय आहे.

तर आधी तेवढं साफ करते. पांढरपेशाच्या घराबाहेर काम निघालं तर तो काय करतो? खिडकी लावतो, एसी चालू करतो, ओळखीच्या नगरसेवकाला फोन लावतो. अगदीच डोकं उठलं तर पुण्याच्या भावाकडं आठ दिवस जाऊन राहतो. आपल्या वस्तीत खिडकी एकच असते. ती लावली की घरात काळोख. आपली चूल दारात, आपली धुणी दारात, पोर खेळतं दारात, म्हातारा झोपतो दारात. दारच आपलं अर्धं घर. आणि काम करणाऱ्याला ते दार म्हणजे खडी टाकायची मोकळी जागा वाटते. म्हणून म्हणते, हा विषय आधी आपला आहे.

तुम्ही मुंबई, कल्याण, उल्हासनगरहून आलात. भातसानगर हे नाव ऐकून वाटलं असेल, मोठं गाव असेल. हे नाव बांधकामानं ठेवलेलं आहे. भातसा नदीवर धरण घालायचं ठरलं, धरणाच्या लोकांना राहायला वसाहत लागली, ती वसाहत म्हणजे भातसानगर. मुंबईला पाणी देणारे जे सात तलाव आहेत, त्यांत मुंबई महापालिकेच्या हिशोबानं 14,47,363 दशलक्ष लिटर पाणी साठतं. त्यातलं 7,17,037 दशलक्ष लिटर एकट्या भातसाचं. म्हणजे जवळपास निम्मं. ते नदीतून पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथं उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि तुमच्या नळाला येतं. तानसाचं पाणी तर 1892 पासून मुंबईला जातंय, तो तलावही याच शहापूर तालुक्यात. आणि याच तालुक्यातल्या गावापाड्यांत उन्हाळा लागला की बाया हंडे मांडून टँकरची वाट बघतात.

हे मी तुम्हाला लाजवायला सांगत नाही. पाणी तुम्ही चोरलेलं नाही. सांगायचं ते एवढंच की इथल्या माणसाला बांधकाम म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. धरण त्यानं पाहिलं, जलवाहिन्या पाहिल्या, हायवे पाहिला, आता समृद्धी महामार्ग पाहिला. प्रत्येक वेळी काम दुसऱ्याच्या फायद्याचं आणि धूळ आपल्या ताटात.

पण गैरसमज नको. मी बांधकामाच्या विरोधात नाही. बाबासाहेबही नव्हते. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेची आखणी त्यांच्या खात्यानं केली. धरण, वीज, कालवा यांतून गरिबाचं जिणं सुधारेल असं त्यांना वाटत होतं. रस्ता व्हावा, धरण व्हावं, चाळीच्या जागी चांगली इमारत व्हावी, हे आपल्यालाही हवंच आहे. माझं भांडण कामाशी नाही. काम करताना शेजारच्या माणसाला माणूस न समजण्याशी आहे.

आता मुद्द्यावर येते. ठेकेदार बेपर्वा का वागतो? लोक म्हणतात, माणूसच माजोरडा आहे. असेल. पण माज हे उत्तर पुरत नाही. जरा हिशोब करून बघा. धूळ उडू नये म्हणून दिवसातून तीन वेळा पाणी मारायचं तर टँकर लागतो, डिझेल लागतं, माणूस लागतो. डंपरवर ताडपत्री घालायची तर ताडपत्री विकत घ्यावी लागते आणि ती बांधायला दर खेपेला दहा मिनिटं जातात. चराला कठडा लावायचा, रात्री लाल दिवा लावायचा, घरात जायला फळी टाकायची, वळणावर झेंडीवाला उभा करायचा, या प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो. रात्री यंत्र बंद ठेवायचं तर भाड्याचं यंत्र रिकामं उभं राहतं आणि मुदत पुढं जाते. आता यातलं काहीच केलं नाही तर काय होईल? ठेकेदाराचा तेवढा पैसा वाचेल.

पण तो खर्च नाहीसा होत नाही, भावांनो. तो फक्त दुसऱ्याच्या नावावर चढतो. टँकरचं पाणी वाचलं, ते म्हातारीच्या खोकल्यावर चढलं. ताडपत्री वाचली, ती भाकरीवरच्या मातीवर चढली. कठडा वाचला, तो चरात पडून मोडलेल्या पायावर चढला. रात्रपाळी चालू राहिली, ती दहावीच्या पोराच्या जागरणावर चढली. दगडाच्या बारीक भुकटीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षं फुफ्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो, आणि सिलिकोसिस बरा करणारं औषध नाही. हे सगळं बिल आहे. त्याच्यावर ठेकेदाराची सही नसते, साहेबाचा शिक्का नसतो. भरतो मात्र आपण.

आणि ते नेमकं आपल्याच नावावर का चढतं? नकाशा बघा. गावाच्या नकाशात आपली वस्ती कुठं असते? रस्त्याच्या कडेला, नाल्याच्या काठाला, गावकुसाच्या बाहेर. पूर्वी ते विटाळाच्या नावाखाली होतं. आज विटाळाचं नाव कुणी घेत नाही. आज म्हणतात, तिकडं जागा मोकळी आहे. डांबराचा प्लँट तिकडं टाका, खडीचा ढीग तिकडं ओता, डंपर तिकडून वळवा. माणसं राहत असताना जागा मोकळी कशी? तर तिथली माणसं मोजायची नसतात म्हणून. ठेकेदाराला जात दिसत नाही असं तो म्हणतो. पण कुठल्या दारात खडी टाकली तर ओरडा होईल आणि कुठल्या दारात टाकली तर नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी कळतं. गावानं त्याला न बोलता सांगितलेलं असतं.

आता हेच बिल न भरलेला दुसरा माणूस बघा. 31 जुलै आणि 1 ऑगस्ट 2023 च्या मधली रात्र. आपल्याच शहापूर तालुक्यात सरळांबे इथं समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम चालू होतं. गर्डर चढवणारं प्रचंड यंत्र गर्डरसकट खाली आलं आणि 20 माणसं मेली. बहुतेक दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेली. आपण झोपलो होतो तेव्हा ती माणसं उंचावर काम करत होती. 5 जून 2025 ला याच मार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला. गाड्या सुसाट जातात. जाऊ देत. पण त्या पुलाखालून जाताना वीस आकडा आठवा.

हे मी का सांगते? कारण आपल्या घराबाहेर रात्री दोन वाजता ब्रेकर वाजतो तेव्हा आपला राग पहिल्यांदा ब्रेकर चालवणाऱ्यावर जातो. तो समोर असतो. ठेकेदार समोर नसतो, साहेब समोर नसतो. दगड उचलला तर त्या पोराच्याच डोक्यात जाईल. तो पोरगा कोण असतो? बिहारचा, बंगालचा, नाहीतर नंदुरबारचा, जव्हारचा, मराठवाड्यातल्या आपल्याच भावकीतला. आपल्याला झोप नाही, त्यालाही झोप नाही. आपल्या नाकात धूळ जाते ती दारात बसून, त्याच्या नाकात जाते ती बारा तास यंत्राशेजारी उभं राहून. 1996 च्या कायद्यापासून बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी घेतला जातो. पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या त्या पोराला विचारा, तुझी नोंद झाली का? तो तुमच्याकडं बघत राहील. त्याच्याशी भांडणं म्हणजे दोन कर्जदारांनी एकमेकांची गचांडी धरायची आणि सावकारानं माडीवरून बघायचं.

आता आमच्या वस्तीत काय झालं ते सांगते. खात्याचं नाव घेत नाही, ठेकेदाराचं घेत नाही. नावं बदलली तरी गोष्ट तीच असते.

माझं घर रस्त्याला लागून आहे. ओळीनं सतरा घरं. रस्ता रुंद करायचं काम निघालं. आधी कुणी काही सांगितलं नाही. एका सकाळी पोकलेन आला आणि दारासमोर कमरेएवढा चर खणून गेला. घरात जायला उडी मारायची. दिवसा धूळ, रात्री ब्रेकर. पाचव्या रात्री वस्तीतली पोरं उठली आणि ब्रेकरवाल्याला धरायला निघाली. आमच्या शेजारची आजी वाटेत उभी राहिली. म्हणाली, "त्याला मारून काय मिलवाल? त्याचा हात दुसऱ्याच्या खिशात हाय." पोरं थांबली. आम्ही बाया त्या पोराकडं गेलो, पाणी दिलं, बसवलं. तो म्हणाला, दोन रात्री झाल्या, डोळ्याला डोळा नाही, मुकादम म्हणतो आज एवढं फोडलं नाही तर हजेरी कापीन. तेवढ्यात कळलं की आपलं भांडण कुणाशी आहे.

दुसऱ्या दिवशी मुलीची शंभर पानी वही घेतली. तिच्यात रकाने आखले. तारीख. काम किती वाजता सुरू, किती वाजता बंद. कुठलं यंत्र. डंपरचा नंबर. पाणी मारलं का, किती वेळा. कुणाला काय झालं. ज्याला लिहिता येतं त्यानं लिहायचं, ज्याला येत नाही त्यानं सांगायचं. घराच्या भिंतींना चिरा पडत होत्या. प्रत्येक चिरेच्या टोकाला पेन्सिलनं आडवी रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. चीर रेघेच्या पुढं गेली की नवी रेघ, नवी तारीख. शेजारी रुपयाचं नाणं धरून मोबाइलवर फोटो काढला, म्हणजे चीर किती रुंद ते समजावं. हे कुणा इंजिनियरनं शिकवलं नाही. गवंडीकाम करणारा आमचाच एक काका होता, त्यानं शिकवलं. बांधणारे हात आपल्याच वस्तीत असतात, हे विसरू नका.

तेवीस दिवस वही लिहिली. मग सतरा घरांच्या सह्या आणि अंगठे घेऊन अर्ज केला. शाखा अभियंता म्हणाले, ठेकेदाराशी बोला. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, साहेबांशी बोला. चेंडू इकडून तिकडं. मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा स्टँप. निविदेच्या अटी आणि कामाचं अंदाजपत्रक मागितलं. कागद हातात आले आणि आम्ही बघतच राहिलो. त्यात पाणी मारायची अट होती. कठड्याची अट होती. रात्रीच्या दिव्याची अट होती. लोकांना ये-जा करायला वाट ठेवायची अट होती. म्हणजे आमची धूळ बसवायचे पैसे सरकार ठेकेदाराला कामाच्या दरातच देत होतं. पैसे त्याच्याकडं जात होते आणि धूळ आमच्याकडं राहत होती.

मग दुसरा अर्ज लिहिला. त्यात शिव्या नव्हत्या, विनंती नव्हती, विशेषणं नव्हती. अटीचा क्रमांक, त्याच्यासमोर आमच्या वहीतली तारीख. अट अमुक, पाळली नाही, तारखा अमुक अमुक. शेवटी एकच ओळ: पुढचं बिल काढण्याआधी जागेवर येऊन आमच्या समक्ष पंचनामा करावा. अर्ज कार्यकारी अभियंत्याला, प्रती तहसीलदाराला आणि पोलीस ठाण्याला. तिन्ही ठिकाणी पोच घेतली, शिक्का घेतला. जो साहेब महिनाभर भेटत नव्हता तो चौथ्या दिवशी दारात. का आला? आमच्या खोकल्यासाठी आला नाही. बिल अडेल म्हणून आला. ठेकेदाराचा जीव बिलात असतो. झालेल्या कामाची मोजमाप पुस्तकात नोंद होते, साहेब सही करतो, मग पैसे सुटतात. त्या सहीच्या आधी लेखी तक्रार फायलीला लागली की सही करणाऱ्याची जबाबदारी कागदावर येते. त्याला घाम फुटतो.

काय मिळालं ते खरं सांगते. चराला कठडे आले, दिवे आले. प्रत्येक दाराला फळी आली. दिवसातून दोनदा टँकर पाणी मारू लागला. रात्री दहानंतर ब्रेकर बंद. भिंतींच्या चिरांची भरपाई मात्र अजून मिळालेली नाही. पंचनाम्यावर सही आहे, कागद फिरतोय, आम्ही मागे आहोत.

आणि याच काळात एक गोष्ट घडली, तिच्यासाठी खरं तर मी आज इथं उभी आहे. ठेकेदाराचा माणूस एका संध्याकाळी वस्तीत आला. गोड बोलला. म्हणाला, पोरांना कामाला लावतो, दोघांना जेसीबीवर घेतो, मुरमाच्या खेपा तुम्हालाच देतो. 14 एप्रिल जवळ आली आहे, मंडप माझ्याकडून, डीजे माझ्याकडून. तेवढा तो अर्ज जरा बघा.

रात्री विहारात बैठक बसली. मोठा वाद झाला. पोरं म्हणाली, पैसा कुणाचा का असेना, जयंती तर आपली. त्यावर आजी बोलली, "ज्याने दिवसभर नाकात माती घातली, त्याच्याच मंडपात बसून बाबाला हार घालायचा?" मंडप नाकारला. त्या वर्षी जयंती घराघरातून वर्गणी काढून, साध्या कापडाच्या छताखाली झाली. एका पोरानं जेसीबीवरची नोकरी घेतली. त्याला कुणी गद्दार म्हटलं नाही. त्याच्या घरात खाणारी सहा तोंडं होती. त्याला एवढंच सांगितलं: नोकरी कर, पण सही मागं घेऊ नको. त्यानं घेतली नाही.

मित्रांनो, तुम्ही चळवळीतले आहात म्हणून हे तोंडावर सांगते. शहराशहरांत फलक बघा. वर बाबासाहेबांचा फोटो, खाली कोपऱ्यात बिल्डर सौजन्य. ज्या पोरांनी वस्तीतून विचारायला जायचं, तीच पोरं मुरमाच्या खेपा आणि साइटची वॉचमनगिरी मिळाली म्हणून गप्प. ठेकेदाराला ही वर्गणी महाग पडत नाही. टँकर, ताडपत्री, कठडा यांचा वाचलेला पैसा त्याच्या खिशात असतो, त्यातलाच चिमूटभर तो आपल्याला देतो. म्हणजे आपल्याच आईच्या खोकल्याचा पैसा. तो घेऊन आपण निळा झेंडा लावतो. विकणं म्हणजे निवडणुकीत तिकीट घेणं एवढंच नसतं. दाराबाहेरच्या धुळीवर गप्प बसणं हेही विकणंच आहे.

आता कायद्याचं थोडं. कायदा आपल्याला देव नाही, पण हत्यार आहे. आणि राज्यघटना ज्यानं लिहिली त्याच्या माणसांनी कायदा वाचायचा कंटाळा करू नये.

आवाजाचे नियम 2000 सालचे आहेत. राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रात्र म्हणजे दहा ते सहा. 2010 साली त्यात दुरुस्ती झाली आणि राहत्या वस्तीत रात्री आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायला बंदी आली. हे लिहून घ्या. पोलिसांना 112 वर फोन करा. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं 16 ऑगस्ट 2016 ला मोठा निकाल दिला. आवाजाची तक्रार करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, हे त्यात आहे. दादागिरीच्या वस्तीत ही गोष्ट लाख मोलाची आहे.

उघडा चर, पडायला आलेली भिंत, आरोग्याला त्रास देणारा धंदा, यांच्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेचं 152 कलम. 1 जुलै 2024 च्या आधी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं 133 होतं. प्रांताकडं अर्ज करायचा. रस्त्यालगतच्या खड्ड्याला कुंपण घाल, त्रास बंद कर, असा हुकूम तो देऊ शकतो. आणि सरकारी खातं म्हणालं, पैसे नाहीत, तर त्याला रतलामचं नाव सांगा. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी घराबाहेरच्या उघड्या गटारांविरुद्ध याच 133 कलमाखाली अर्ज केला. नगरपालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि म्हणाली, आमच्याकडं पैसा नाही. 1980 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते कारण उडवून लावलं. माणसाच्या आरोग्याचं कर्तव्य पैशाच्या सबबीवर टाळता येत नाही. साध्या वस्तीतल्या माणसांनी मिळवलेला तो निकाल आज वकिलीच्या वर्गात शिकवतात.

माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा फक्त कागद मागण्यापुरता आहे असं समजू नका. सरकारी काम जागेवर जाऊन बघायचा, टिपणं घ्यायचा, वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घ्यायचा हक्क त्यात आहे. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं.

आता तुमच्या मुंबईचं बोलते. वरळीच्या बीडीडी चाळी 1974 च्या दंगलीमुळं चळवळीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. तिथं आता टॉवर होतायत. ऑगस्ट 2025 मध्ये 556 कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चांगलं झालं. पण अशी कामं टप्प्याटप्प्यानं चालतात. एका अंगाला माणसं राहतात, दुसऱ्या अंगाला पाया खणतात. झोपडपट्टी पुनर्वसनात तेच. संक्रमण शिबिरात राहायचं, नाहीतर भाड्यानं जायचं, नाहीतर धुळीत थांबायचं. नवं घर मिळणार म्हणून आपला माणूस बोलत नाही. त्याला वाटतं, बोललो तर यादीतून नाव जाईल. बिल्डरही तसं सुचवतो. हे लक्षात ठेवा: घर हक्कानं मिळतंय, उपकारानं नाही. मुंबई महापालिकेनं ऑक्टोबर 2023 मध्ये धुळीचे नियम काढले. साइटभोवती 25 ते 35 फूट उंच पत्र्यांचं कुंपण, इमारतीला हिरवं कापड, पाण्याचे फवारे, बाहेर पडणाऱ्या डंपरची चाकं धुवायची. त्याआधी 2018 साली केंद्र सरकारनं प्रदूषित शहरांतल्या मोठ्या बांधकामांसाठी नियम केले. त्यात म्हटलंय की धूळ रोखायला काय काय केलं, त्याचा फलक लोकांना दिसेल असा लावायचा. उद्या परत गेलात की गल्लीच्या तोंडाशी चालू असलेल्या साइटवर जा. तो फलक शोधा. दक्षिण मुंबईतल्या साइटवर हिरवं कापड कडक इस्त्रीचं आणि गोवंडी, मानखुर्दला तेच फाटून लोंबकळतंय, असं दिसलं तर समजा की नियम एकच असला तरी माणसांचा भाव दोन आहे. मग वही काढा.

शेवटी तुमच्यातल्या कवींना, कथाकारांना सांगते. विद्रोह लिहा, जरूर लिहा. पण शंभर पानी वहीतले रकाने हेही लेखन आहे. त्याला टाळ्या मिळत नाहीत, ते कुठं छापून येत नाही, पण त्यानं साहेब दारात येतो. अंगठा उठवणाऱ्या बाईला त्या वहीत जागा आहे, बेकार पोराला आहे, गवंड्याला आहे. उद्या ब्रेकर चालवणाऱ्या पोरालाही त्यात जागा द्या. त्याच्या हजेरीचा, हेल्मेटचा, नोंदणीचा रकाना आपल्या रकान्याशेजारी आखा. आपल्या झोपेचं आणि त्याच्या जिवाचं बिल एकाच माणसानं बुडवलेलं आहे, तर मागायलाही एकत्रच जावं लागेल.

रस्ते होतील, पूल होतील, टॉवर होतील. आपल्याच हातांनी होतील. काम करा, पण आमचं घर मोजा, आमचा श्वास मोजा, आमची रात्र मोजा आणि ते सगळं तुमच्या बिलात लावा. आमच्या नावावर फार वर्षं लावलंत.

जय भीम.